फितीचं दुसरं टोक

मी लिहिलेला पहिला सरकारी अहवाल बारा ओळींचा होता. त्यातल्या अकरा ओळी खऱ्या होत्या. बाराव्या ओळीबद्दल, एका पत्राखेरीज, मी आजवर कुणाला, घरातसुद्धा, काही सांगितलेलं नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. पाथर्डीच्या कचेरीत टंचाईच्या कामासाठी जी जादा माणसं घेतली होती, त्यांतला मी एक. खडी फोडायच्या कामांवर जाऊन हजेरी तपासायची, टँकर कुठं पोहोचला नाही त्याच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, असं माझं काम. नेमणुकीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, 'टंचाईची परिस्थिती असेपर्यंत'. म्हणजे पाऊस पडला की नोकरी संपली. मी शेतकऱ्याच्या घरातला. घरचे सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले, आणि मी मात्र एखादा काळा ढग दिसला की मनातल्या मनात म्हणायचो, पुढं जा रे बाबा. हे लिहायची लाज वाटते. पण हे वगळलं तर पुढचं मी का केलं ते कळणार नाही.

त्या उन्हाळ्यात दोन माणसं जीप घेऊन आली आणि विश्रामगृहात उतरली. मुंबईत नुकतंच टेलिव्हिजन सुरू झालं होतं. आपण तिथले निर्माते आहोत, असं त्यांनी मामलेदारसाहेबांना सांगितलं. परग्रहावर घडणारी एक मालिका करायची आहे, तिच्यासाठी जागा बघत फिरतोय. जागा अशी हवी की नजर पोचेल तिथवर झाड, घर, विजेचा खांब, काही म्हणजे काही दिसता कामा नये.

आमच्या तालुक्यात त्या वर्षी अशी जागा शोधावी लागत नव्हती. पण आमचा माळ पाहून कुणाला आनंद होतो, हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते कुणाला रुचलं नाही. दुसऱ्या दिवशी खडीच्या कामावर गेलो तर मुकादम वाटच बघत होता.

"भाऊसाहेब, त्या जीपवाल्यांनी काल आमचा डोंगर बघून टाळ्या वाजिवल्या. लई झकास, लई झकास म्हनत हुते. मान्सं बरी न्हाईत ती."

"चंद्रावरची गोष्ट काढायचीय म्हणे त्यांना," मी म्हणालो.

खडी फोडणारी एक म्हातारी हातातला हातोडा न थांबवता म्हणाली, "आन् चंद्रावर बी खडीच हाय व्हय? मग इचारा त्यास्नी, तितं खायाला सुकडी वाटत्यात का. वाटत असतील तर माजं नाव घाला हजेरीत."

बायका खळखळून हसल्या. मुकादम हसला नाही. "हसू नगा. लढाईला अजून दोन वर्सं न्हाई झाली. नगरात रनगाडं हायेत. आन् ही मान्सं दुर्बीन लावून डोंगर न्याहाळत्यात. पाकिस्तानची न्हाईत कशावरून?"

"पाकिस्तानचा मानूस हितं काय न्यायला यील?" म्हातारी म्हणाली. "धोंडं?"

मुकादमाची ही शंका दोन दिवसांत कचेरीत पोहोचली आणि मामलेदारसाहेबांनी ती आमच्या अव्वल कारकुनांकडे दिली. अव्वल कारकून म्हणजे कचेरीतले सगळ्यांत मुरलेले गृहस्थ. साहेब बदलून जात, हे राहत. त्यांनी मला समोर उभं केलं.

"नाव, गाव, पत्ता, हे कुणीही पढवल्यासारखं सांगतो," ते म्हणाले. "माणूस ओळखायचा तो आधी काय करत होता त्यावरून. या दोघांचा पूर्वव्यवसाय काढ. प्रश्न विचारायचे नाहीत. कागद-पेन्सिल तर काढायचीच नाही. कागद दिसला की माणूस सावध होतो. त्याला बोलू द्यायचं आणि लक्षात ठेवायचं. जमेल?"

"जमेल."

"जमलं तर तुझ्याबद्दलही मला चार ओळी लिहिता येतील," ते म्हणाले. त्याचा अर्थ मला समजला.

टँकरचं पाणी विश्रामगृहाला मिळतं की नाही हे विचारण्याच्या निमित्तानं मी गेलो. ते दोघं व्हरांड्यात बसले होते. माणूस आला याचाच त्यांना आनंद झाला. एक पन्नाशीचे, अंगानं चांगले भरलेले, गळ्यात ओला पंचा. दुसरे तिशीचे, काटकुळे, बोटांना शाई लागलेली. मला प्रश्न विचारावेच लागले नाहीत.

थोरल्यांनी आवाज काढला आणि मी चमकलो. तो आवाज मी वर्षानुवर्षं आमच्या ओसरीवर ऐकला होता. रेडिओवर संध्याकाळी 'शेतकरी बंधूंनो' म्हणणारा तोच आवाज. वडील त्या आवाजाला मान डोलावून उत्तर द्यायचे. पण आवाज ओळखीचा निघाला म्हणून माझा संशय गेला नाही, उलट वाढला. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं की खत-बियाण्यांच्या कामावर ते योगायोगानं लागले. त्याआधी ते रेडिओवर खोटे आवाज काढायचे. श्रुतिकेत घोडा धावला की हे करवंट्या आपटणार, वीज कडाडली की पत्रा हलवणार. आणि त्याच्याही आधी तमाशाच्या कनातीत बत्त्या लावायचे.

"एक दिवस शेतकी कार्यक्रमाचा माणूस आजारी पडला," ते म्हणाले. "मला म्हणाले, वाच हे. मी वाचलं. त्यानंतर बारा वर्षं मी शेणखतातून बाहेर आलो नाही."

धाकटे सर्वेक्षणाच्या कचेरीत नकाशे काढायचे. मेणकापडावर नकाशा उतरवून घ्यायचा, त्यात विहीर, देऊळ, पायवाट, बांध भरायचे. संध्याकाळी हौशी नाटकांचे पडदे रंगवायचे. "दहा वर्षं मी असलेल्या जागांचे नकाशे काढले," ते म्हणाले. "मग वाटलं, जी जागा कुठंच नाही तिचा एक काढून बघावा. यांना दाखवला. त्यातून ही मालिका निघाली."

मालिकेची गोष्ट त्यांनी मला सांगितली. कोरड्याठाक ग्रहावर उतरलेली माणसं तिथलं जुनं पाणी शोधत हिंडतात. थोरले म्हणाले, "इथल्या पाण्याचं बोललो तर वरून फोन येतो. दुसऱ्या ग्रहावरच्या पाण्याचं बोललो तर कोण कुणाला फोन करणार?"

मी न राहवून विचारलं, "पण मग टेलिव्हिजनचं काम तुम्ही शिकलात कुठं?"

दोघंही हसले. "अहो, ते या देशात शिकलेलं आहे कोण? टेलिव्हिजन काल आलं. आम्ही सगळे कुठून कुठून गोळा झालोय. कुणी रेडिओतला, कुणी नाटकातला, एक तर फोटोच्या दुकानातला."

हे उत्तर खरं होतं, हे आज मला कळतं. त्या दिवशी परत येताना मी फक्त जुळवाजुळव करत होतो. शाळामास्तर आधी शिकाऊ असतो, वकील आधी कुणाच्या तरी हाताखाली असतो. निर्माता म्हणवणारी ही माणसं आधी निर्मात्याच्या जवळपाससुद्धा कुठं नव्हती. बत्त्या, खोटे आवाज, नकाशे, रंगवलेले पडदे. एकेक धंदा सुटा घेतला तर साधा. एकत्र ठेवले की अंगावर काटा यावा असे.

त्यानंतर मी रोज काही ना काही निमित्त काढून विश्रामगृहावर जाऊ लागलो. मला वाटायचं, मी पाळत ठेवतोय. खरं म्हणजे मला तिथं बसायला आवडत होतं.

रविवारी गेलो तर थोरले अंथरुणावर. आदल्या दिवशी त्यांनी हौसेनं मिलोची भाकरी मागून घेतली होती. रेशनवर मिळणारी ती तांबडी ज्वारी आम्हालाच धड पचत नव्हती, तर मुंबईकराला काय पचणार? धाकट्यांना डोंगरावर जाऊन मोजमाप घ्यायचं होतं आणि बरोबर कुणी नव्हतं.

"येता का? फीत धरायला माणूस हवाय."

मी निघालो. ऊन फार होतं म्हणून त्यांनी थोरल्यांची गवती हॅट माझ्या डोक्यावर ठेवली. जीप तेच चालवत होते. डोंगराच्या माथ्यावर मोजणीखात्यानं कधी काळी रोवलेला एक दगड होता. त्यांनी चामड्याच्या डबीतून कापडी फीत काढली आणि शून्याचं टोक माझ्या हातात दिलं. "हे त्या दगडावर दाबून धरा. हलू देऊ नका." आणि ते फीत सोडत लांब लांब गेले. यानाचा बांबू-पत्र्याचा सांगाडा कुठं उभा राहील, कॅमेरा कुठं, जनरेटर रस्त्यापासून किती दूर ठेवायचा, हे ते ठरवत होते. ते आकडा ओरडायचे, मी टोक धरून बसायचो, मग ते येऊन लिहायचे.

मध्येच सावलीला म्हणून आम्ही जीपच्या आडोशाला बसलो. त्यांनी विचारलं, नोकरी कायम आहे का? मी सगळं सांगितलं, ढगाचंसुद्धा. ती गोष्ट मी त्यांच्याशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

ते म्हणाले, "माझंही तसंच. सहा महिन्यांचा करार आहे. नकाशांची कायमची नोकरी सोडून आलोय, घरी बायको बोलत नाही. ही मालिका उभी राहिली तर मी राहिलो. तुमची नोकरी पावसावर, माझी या धोंड्यांवर."

मग त्यांनी मांडीवर कागद घेऊन त्या माथ्याचं चित्र काढलं. यान, टेकाड, दगड. दगडापाशी वाकून फीत धरलेला, हॅट घातलेला एक माणूस. "हा तुम्ही," ते म्हणाले. "माणूस काढल्याशिवाय जागा केवढी ते कळत नाही." मी ते चित्र बारकाईनं पाहिलं. कशासाठी, तेही सांगून टाकतो. त्यात गुप्त असं काही, एखादी खूण वगैरे, सापडते का, हे बघण्यासाठी.

सोमवारी सकाळी मुकादम कचेरीत हजर. अव्वल कारकुनांच्या टेबलासमोर उभा राहून सांगू लागला. मी बाजूलाच होतो.

"सायेब, सोताच्या डोळ्यानं बगितलं. सर्व्हेच्या दगडापाशी दोगं फीत धरून. येक टोक ह्याच्याकडं, येक त्याच्याकडं. दोगंबी काटकुळे. येकाच्या डोक्याला टोपडं."

साखळी असो की फीत, मोजायला दोन माणसं लागतात, हे महसुलातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. अव्वल कारकुनांनी माझ्याकडं पाहिलं. "दोघं म्हणजे ते दोघंच ना?"

'नाही, दुसरा मी होतो' एवढंच म्हणायचं होतं. पाळत ठेवायला पाठवलेला माणूस त्यांचीच फीत धरून बसला, हे कळलं असतं तर काय झालं असतं? कदाचित शिव्या बसल्या असत्या. कदाचित नोकरी गेली असती. मी तो हिशेब नीट केलासुद्धा नाही. तोंडातून "हो" गेलं.

त्यांची नजर माझ्यावर जरा जास्तच वेळ राहिली, असं मला आजही वाटतं. मग ते म्हणाले, "लिही."

मी लिहिलं. 'इसम क्रमांक एक: पूर्वी प्रकाशव्यवस्था व कृत्रिम आवाज काढणे. इसम क्रमांक दोन: पूर्वी नकाशे तयार करणे.' सरकारी भाषेत घातल्यावर त्यांची सगळी आयुष्यं कशी दिसू लागली, हे मला लिहितानाच दिसत होतं. शेणखताची बारा वर्षं मी गाळली, कारण ती संशयाशी जुळत नव्हती. आणि बारावी ओळ अशी: 'रविवारी सदर दोन्ही इसमांनी मोजणीच्या दगडापासून फितीने मोजमाप घेतले व या कचेरीस कळविले नाही.' मुकादमाचं 'दोगंबी काटकुळे' मी लिहिलं नाही. थोरल्यांना काटकुळं म्हणणं कुणालाच शक्य नव्हतं.

दोन दिवसांनी नगरहून पोलिसांची गाडी आली आणि दोघांना घेऊन गेली. मुकादमानं आठवडाभर ती गोष्ट सगळ्या कामावर सांगितली. म्हातारी एवढंच म्हणाली, "घ्या. ग्येलं आपलं चंद्रावरचं काम."

पुढं अव्वल कारकुनांकडून कळलं की दोघांना सोडून दिलं. काही निघालं नाही. "पण जबान्या जुळल्या नाहीत त्यांच्या," ते म्हणाले. "तसं मुंबईला कळवलंय."

पाऊस झाला. जादा घेतलेली माणसं घरी गेली. मी राहिलो. माझ्याबद्दलच्या चार ओळींत 'विश्वासू' असा शब्द होता.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ओसरीवर रेडिओ लागला आणि आवाज आला, "शेतकरी बंधूंनो." वडिलांनी मान डोलावली. म्हणाले, "आले बघ हे परत. मधे कुठं गेलते कुणास ठाऊक." मी उठून गोठ्याकडं गेलो. थोरले जुन्या कामावर परतले होते, म्हणजे मालिका मेली होती. धाकट्यांना परतायला जुनं काम उरलं होतं का, ते कळायला मार्ग नव्हता.

तेव्हापासून माझ्या मनात एक भीती बसली. धाकट्यांनी चौकशीत माझं नाव घेतलंच असणार. मी त्यांच्या जागी असतो तर पहिल्याच मिनिटाला घेतलं असतं. मग ते वर कुठंतरी लिहिलेलं असणार, आणि एक दिवस माझ्यापर्यंत येणार. नगरहून लखोटा आला की मी आधी तो उजेडात धरून बघायचो. नवा साहेब आला आणि जरा कोरडं बोलला की वाटायचं, याला कळलंय. ज्या माणसाला मी संशयात ढकललं, त्याच्यावरच संशय घेत मी पंधरा-सोळा वर्षं काढली. तालुक्यात टेलिव्हिजन आलं तेव्हा कार्यक्रम संपल्यावर घरचे उठून जायचे आणि मी शेवटची नावं वाचत बसायचो. निर्माता अमुक, निर्माता तमुक. धाकट्यांचं नाव कधी दिसलं नाही.

आता मी स्वतः अव्वल कारकून आहे. मागच्या वर्षी अभिलेखकक्षातले मुदत संपलेले कागद नष्ट करायची यादी माझ्याकडं आली. लाल कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांना आम्ही रुमाल म्हणतो. एकेक रुमाल सोडून बघत होतो आणि टंचाईच्या कागदांत ती धारिका निघाली. वर माझा अहवाल. अक्षर माझंच, पण फार स्वच्छ.

त्याच्याखाली नगरहून माहितीसाठी आलेली जबान्यांची प्रत. थोरल्यांनी सांगितलं होतं, मी त्या दिवशी आजारी होतो, डोंगरावर गेलोच नाही, खानसाम्याला विचारा. धाकट्यांनी सांगितलं होतं, मी गेलो होतो, मोजमाप घेतलं. पुढं पोलिसांचा शेरा: 'फितीचे दुसरे टोक कोणी धरले असे वारंवार विचारता, इसम उत्तर देण्याचे नाकारतो. सबब संशयास जागा आहे.'

सगळं अडलं होतं ते या एका ओळीवर. माझ्या 'हो'मुळं थोरले खोटे ठरले आणि गप्प राहिल्यामुळं धाकटे. मी जीपच्या सावलीत सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्यांनी नाव घेतलं असतं तर त्यांची मालिका वाचली असती आणि माझी नोकरी गेली असती.

तिसरा कागद ते चित्र होतं. जप्त करून धारिकेला लावलेलं. यान होतं, टेकाड होतं, दगड होता. फीत दगडापर्यंत येत होती आणि तिथं कुणीच नव्हतं. खोडरबरानं कागद इतका घासला होता की त्या जागी तो पातळ झाला होता. उजेडात धरला की हॅटची कड तेवढी दिसत होती.

यादीत त्या धारिकेसमोर मी 'मुदत संपली' असं लिहिलं, जसं सगळ्यांसमोर लिहितात. चित्र मात्र घरी आणलं. हा गुन्हा आहे, हेही माहीत आहे.

थोरले निवृत्त झाले असणार, पण रेडिओच्या पत्त्यावर त्यांच्या नावानं मी पत्र टाकलं. सगळं लिहिलं, बारावी ओळ, वगळलेलं शेणखत, मुकादमाचं बोलणं. धाकट्यांचा पत्ता मागितला. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. धाकटे एका खाजगी कंपनीत प्लॉटचे नकाशे काढतात, बरे आहेत, पत्ता द्यायचा की नाही त्यांना विचारून कळवतो, असं होतं. शेवटी, मिलोची भाकरी अजून लक्षात आहे, असंही.

दुसरं कार्ड दिवाळीनंतर आलं. दोनच ओळी होत्या.

'त्यांना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणतात, त्या दिवशी डोंगरावर माझ्याबरोबर कुणी नव्हतं.'

ही माफी आहे की शिक्षा, याचा विचार मी पुष्कळ केला आणि सोडून दिला. ते ठरवणं माझ्याकडं नाही. माझ्याकडं आहे ते एवढंच, की मी होतो. गवती हॅट घालून वाकलो होतो, आणि शून्याचं टोक हलू नये म्हणून दोन्ही अंगठ्यांनी दगडावर दाबून धरलं होतं.